मनःशांती कुणाची? पंडिता रमाबाईंचा ख्रिस्तानुभव आणि आपला प्रश्न

'मनःशांती' हा शब्द आपल्या चळवळीत संशयाने ऐकला जातो आणि तो संशय अनाठायी नाही. ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी उपाशी माणसाला, आणि ज्यांचा पाणवठ्यावर हक्क आहे त्यांनी पाणवठ्यावरून हुसकलेल्या माणसाला, शतकानुशतके शांतीचाच उपदेश केला आहे. त्यामुळे अमक्याला ख्रिस्ती धर्मात मनःशांती लाभली असे कुणी सांगू लागले की आपला कार्यकर्ता चटकन विचारतो, लाभली, मग पुढे काय? प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारून आपण थांबतो; त्याचे उत्तर धुंडाळायला इतिहासात शिरत नाही.

हा प्रश्न पंडिता रमाबाईंना विचारून पाहावा असे मला वाटते. रमाबाईंनाच का, तर धर्म मिळणे आणि शांती मिळणे या दोन घटनांमध्ये किती काळ गेला हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या 'साक्षी'त त्या म्हणतात की, बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे कळायला आठ वर्षे गेली, आणि मनाची तळमळ थांबली ती त्यानंतर. एखाद्या धर्मांतरित व्यक्तीने धर्म आणि अनुभव यांमध्ये इतकी स्वच्छ रेघ ओढावी, हे विरळा. इतिहासाच्या अभ्यासकाला ही रेघ फार उपयोगी पडते. रेघेच्या अलीकडच्या रमाबाई आणि पलीकडच्या रमाबाई समोरासमोर ठेवून, शांतीने काय केले आणि काय केले नाही, हे तपासता येते.

आधी त्यांच्या भुकेविषयी बोलले पाहिजे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतलेला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. जवळ होते नव्हते ते दानधर्म, ब्राह्मणभोजने, व्रते आणि अनुष्ठाने यांत गेले. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हातात काही उरले नव्हते. अंगमेहनतीचे काम करायचे तर जात आडवी येई, भीक मागायची तर लाज. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईची तिरडी उचलायला चार ब्राह्मण मिळाले नाहीत. दोघे मिळाले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घेतला.

हे सांगण्याचे कारण असे. रमाबाईंवर त्यांच्या हयातीत सनातन्यांनी नाना आरोप केले. परंतु इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना सत्याच्या शोधात निघालेली विदुषी असेच म्हटले, आणि ते बरोबरच आहे. मग दुष्काळाच्याच दिवसांत नगर जिल्ह्यातला महार आपल्या बायकापोरांसह बाप्तिस्मा घेतो, तेव्हा त्याच्या नावापुढे 'पोटासाठी बाटलेला' असा शेरा कोण लिहितो? दुष्काळ तोच, भूक तीच. एकीची भूक तिच्या आध्यात्मिक प्रवासाची पार्श्वभूमी ठरते, दुसऱ्याची भूक त्याच्या लबाडीचा पुरावा ठरते. मनःशांती हीदेखील या देशात जातीप्रमाणे वाटली गेलेली वस्तू आहे. ब्राह्मणाला आत्मा असतो आणि महाराला पोट, अशी ही वाटणी आहे. मिशनऱ्यांच्या कागदपत्रांतही ती डोकावते; ब्राह्मण धर्मांतरिताच्या अंतःकरणातली उलघाल पानेच्या पाने भरून येते आणि महारांची नोंद आकड्यांत उरकली जाते.

असो. १८७८ साली भावाबरोबर कलकत्त्यास पोचलेल्या रमाबाईंना तिथल्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथे धर्मशास्त्रे वाचताना त्यांच्या ध्यानात आले की, या ग्रंथांचे आपसांत कितीही मतभेद असोत, स्त्रीची जात वाईट आणि शूद्राप्रमाणेच तिलाही वेदाचा अधिकार नाही, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे. १८८०मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ब्राह्मणांच्या लेखी नवरा शूद्र. १८८२च्या फेब्रुवारीत तोही गेला आणि पदरी लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, तिथून १८८३ साली इंग्लंडला.

लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर त्यांना पाहायला मिळाले. आपल्याकडे अशा बाईला शास्त्र काय शिक्षा सांगते ते त्यांना तोंडपाठ होते. इथे तिची शुश्रूषा चाललेली. या भगिनी असे का करतात, असे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. येशू वाटचालीने थकून भर दुपारी विहिरीवर बसला आहे. पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईजवळ तो प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. त्यांच्या भांड्यातले पाणी पिणे तर दूरच. पुढे तिच्या आयुष्यातल्या पाच नवऱ्यांचा विषय निघतो आणि तरीही तो तिच्याशी धर्माची गहन गोष्ट बोलतो, जी तोवर कुणी बाईशी बोलत नसे.

रमाबाईंना या कथेतली पाच नवऱ्यांची बाई दिसली. पतित म्हणून हाकललेल्या स्त्रीला कुणी तुच्छ लेखले नाही, याने त्यांचे मन हलले. ते स्वाभाविक होते. शास्त्रांनी स्त्री म्हणून जे घाव दिले होते त्यांवरच हे औषध लागले. पण हाच अध्याय एखाद्या महार किंवा मांग बाईला वाचून दाखवा. तिला पाच नवरे दिसणार नाहीत. तिला घागर दिसेल. विटाळ मानणाऱ्या जातीच्या माणसाने विटाळलेल्या जातीच्या बाईकडे स्वतःहून पाणी मागितले, हेच तिच्या काळजाला भिडेल. एकाच विहिरीवर दोन कथा आहेत, एक पापाची आणि एक पाण्याची. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास वाचताना मला सतत जाणवते की व्यासपीठावरून प्रामुख्याने पहिली कथा सांगितली गेली आणि महारवाड्याने दुसरी ऐकली.

रमाबाई ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा पुण्याचे सुधारकही गडबडले. त्यांची बाजू उघडपणे घेतली ती जोतीराव फुल्यांनी, १८८५च्या 'सत्सार'मध्ये. ब्राह्मणांच्या घरातली, शास्त्रे जाणणारी एक बाई ती शास्त्रे टाकून देते, याचा अर्थ जोतीरावांना बरोबर कळला. त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म घेतला नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे या पाठिंब्याचे मोल अधिक कळते. दुसरीकडे, खुद्द इंग्लंडातल्या धर्मगुरूंशी आणि भगिनी जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचे खटके उडत होते. एका पुरोहितशाहीतून सुटून आपण दुसरीच्या ताब्यात जाणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. धर्म मिळाला पण शांती नाही, अशी ही आठ वर्षे होती.

याच काळात, मार्च १८८९मध्ये, मुंबईत 'शारदा सदन' निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आले. सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. अमेरिकेत त्यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या, आणि ज्याच्या बळावर पैसा उभा राहिला त्या पुस्तकाचे नावच उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे होते. सदनात सोवळेओवळे पाळले जाई, स्वयंपाकाला ब्राह्मण बाई असे. मुली यायच्या तर हे करणे भाग होते, हा युक्तिवाद मला समजतो. तरी नोंद करायला हवी की तोवरच्या रमाबाईंच्या कार्यात आपल्या आयाबहिणींना दार नव्हते. टिळक, आगरकर, रानडे ज्या वादात हिरिरीने उतरले तो सारा वाद ब्राह्मणवाड्याच्या आतला होता.

आठ वर्षांनंतर काय घडले? विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. उपदेशक असूनही आपला पालट झालेलाच नाही असे त्याला उमगल्याची ती हकिगत. रमाबाईंना तीत आपलाच चेहरा दिसला. देव माणसाला तो जसा आहे तसा स्वीकारतो, आधी चांगले होऊन मग त्याच्या दारी जायचे नसते, एवढीच ती गोष्ट. ज्या घरात व्रतांचा, दानांचा आणि जपांचा हिशेब मांडता मांडता तीन माणसे उपाशी मेली, त्या घरातल्या मुलीला ही 'एवढीच' गोष्ट केवढी असेल! पुण्याची वही मिटली. यात काही गूढ आहे असे मला वाटत नाही. जन्मभर देणेकरी म्हणून वाढवलेल्या माणसाला देणे फिटल्याचा कागद हाती मिळावा, तशी ही शांती आहे.

आता कार्यकर्त्याचा प्रश्न: पुढे काय? पुढे प्रथम भांडण झाले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, ज्या मुलींना बसावेसे वाटे त्या बसत. १८९३ साली यावरून गहजब उडाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. पण त्याहून मोठी गोष्ट १८९६-९७च्या दुष्काळात घडली. मध्य प्रांतात माणसे मरत असल्याचे ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. लहानपणीचा दुष्काळ त्यांच्या अंगात होताच. सुमारे तीनशे बायकामुलींना घेऊन त्या परतल्या आणि पुण्याजवळ केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. दुष्काळाने आणलेल्या या मुलींची जात कोण विचारणार? १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तिथली वस्ती दीड हजारांवर गेली. एका विहिरीचे पाणी, एका चुलीवरचे अन्न. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे बायका करू लागल्या.

म्हणजे शांती मिळण्याआधी ज्या बाईंच्या संस्थेत ब्राह्मण आचारीण होती, शांती मिळाल्यानंतरच्या त्यांच्या संस्थेत सर्व जातींची पंगत बसली. याचे सगळे श्रेय त्या आतल्या अनुभवाला देता येणार नाही. सनातन्यांच्या बहिष्काराने उच्चवर्णीयांचे दार बंद केले होते आणि दुष्काळाने दुसरे उघडले. पण पुण्याचा हिशेब मनातून गेलेला नसता तर केडगावला सोवळ्याची चूल आणखी किती वर्षे पेटती राहिली असती, हा प्रश्न मला पडतो.

इथवर मी रमाबाईंच्या बाजूने बोललो. दुसरी बाजूही आहे. केडगावच्या कुंपणाच्या आत जात मोडली. कुंपणाबाहेरच्या गावगाड्याला 'मुक्ती'ने हात घातला नाही. मुली गावातून सोडवून आणायच्या होत्या, गाव बदलायचे नव्हते. १९०५ साली तिथे प्रार्थनेची लाट उसळली; शेकडो मुली आपल्या पापांसाठी दिवसरात्र रडत प्रार्थना करू लागल्या. जगभरच्या पेंतेकोस्त पंथाच्या इतिहासात ही घटना गौरवाने सांगतात. मी ती वाचतो तेव्हा अडखळतो. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, रस्त्यावरून उचललेल्या या पोरींनी कोणती पापे केली होती? पाप केले होते ते त्यांच्यावर. ज्या कथेत पाणी होते तिच्यातून इथे पाणी गळून गेले आणि पाप तेवढे उरले.

रमाबाईंची एक गोष्ट मात्र आपल्या लेखक मंडळींनी ध्यानात घ्यावी. आधीच्या मराठी बायबलातली संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे साध्या मराठीत नव्याने भाषांतर केले. खिळे जुळवले, छपाई केली ती 'मुक्ती'तल्या बायकांनी. १९२२ साली रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. संस्कृतातल्या 'सरस्वती'ने संस्कृत टाकून द्यावे, याला मी बंड म्हणतो. आपल्या साहित्याच्या भाषेची चर्चा करताना या भाषांतराची आठवण कुणी काढत नाही.

आता दुसऱ्या विहिरीकडे वळू. रमाबाई जन्मण्याच्या तीन वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ साली नगरला सुरू झालेले. वेद ब्राह्मणांचे असतील तर आम्हा मांगमहारांचा धर्म कोणता, असा मुक्तेचा सवाल आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्यावर छप्पर नसते, असे ती सांगते. तिने देवाकडे मनःशांती मागितलेली नाही. तिने धर्म विचारला आणि छप्पर नाही हे सांगितले, दोन्ही एकाच दमात. आपल्या लोकांच्या धर्मविचाराची ही खरी रीत आहे. आतले आणि बाहेरचे असे दोन कप्पे त्यात नसतात.

नगर जिल्ह्यातले जे महार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती झाले आणि नारायण शेषाद्री यांच्याबरोबर जालन्याजवळच्या बेथेलला जे मांग वसले, त्यांच्या अनुभवाकडे या रीतीने पाहिले पाहिजे. शाळेत पोर बसले, पुस्तकाला हात लागला, उपासनेत इतरांच्या बरोबरीने सतरंजीवर बसता आले, मेल्यावर नाव घेऊन कुणी प्रार्थना म्हटली. याला कुणी ऐहिक लाभ म्हणेल. मी यालाच मनःशांती म्हणतो. जो जन्मभर उभाच राहिला त्याच्या आत्म्याला शांती मिळायची तर आधी त्याला बसायला मिळाले पाहिजे. नगरच्या मंडळींनी १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, टाळमृदंगासह. ज्या कीर्तनाच्या कडेला उभे राहून ऐकायचे तेच कीर्तन आता मध्ये उभे राहून करायचे, यात केवढा आनंद असेल!

ब्राह्मण धर्मांतरितांपैकी हे पाणी ज्यांना दिसले त्यांत लक्ष्मीबाई टिळक येतात. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण लक्ष्मीबाईंनी कितीतरी दिवस आपले सोवळे वेगळे ठेवले. जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या, हा विचार मनाशी पक्का झाला आणि कुणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय त्यांनी केला. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. 'स्मृतिचित्रे'तला हा भाग मी वर्गात आवर्जून शिकवतो. आधी पाणी, मग बाप्तिस्मा, हा क्रम मुलांच्या लगेच ध्यानात येतो.

पण चर्चनेच आपल्या विहिरीवर जात बसवली तर? दक्षिणेत ते उघड झाले. तमिळ मुलखातल्या वडक्कनकुलम येथील चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळे बसण्यासाठी भिंत होती, ती १९१०मध्ये पाडावी लागली. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर हे भेद राहिलेच. आपल्याकडे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात रोटीबेटी झाली नाही, हे कुणा परक्याने सांगायला नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे भाषण केले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधून घेतले असे सांगून त्यांनी पुढे स्पष्ट विचारले की, दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात कशी चालते आणि आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज गप्प का? त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि १९८९ साली महाराष्ट्र शासनाने छापलेल्या लेखनात धर्मांतरिताच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. त्यातले निदान मर्मावर बोट ठेवणारे आहे. अस्पृश्याला सांगायला हवे होते की तुझ्या अधोगतीला भोवतालची दुष्ट समाजव्यवस्था कारण आहे, तिच्यावर हल्ला चढव. त्याला सांगण्यात आले की कारण तुझे पाप आहे. त्यामुळे नव्या धर्माने त्याच्यातली चीड विझवली. मी ज्याला पापाची कथा आणि पाण्याची कथा म्हणतो, त्यांतली निवड बाबासाहेबांनी इथे निःसंदिग्धपणे केली आहे. महाडला १९२७ साली त्यांनी जे केले ते शोमरोनी बाईच्या बाजूने विहिरीवर जाणेच होते.

बाबासाहेबांचे हे म्हणणे मान्य करूनही एक गोष्ट उरते. महारवाड्यातल्या ख्रिस्ती म्हातारीला तिच्या प्रार्थनेत जे मिळाले ते खोटे होते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यातले बौद्ध कार्यकर्ते कधीकधी तसे बोलतात. तिची शांती खोटी नव्हती, तिला एकटीला पुरेल एवढीच ती होऊ दिली गेली, हा दोष तिच्या पाळकांचा.

शासनाने तर या शांतीची किंमतच वसूल केली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज कुणालाही अनुसूचित जातीचे मानायचे नाही असे ठरले. १९५६ साली शिखांना त्यात घेतले, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमण्यात आला.

या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८५चा सूसै खटला आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. सूसै हा मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला दुरुस्त करणारा आदिद्रविड. रस्त्यावर बसणाऱ्या चर्मकारांना सरकार फुकट टपऱ्या देत होते. हा ख्रिस्ती, म्हणून त्याला मिळाली नाही. न्यायालय म्हणाले, धर्मांतरानंतर जात टिकली एवढे दाखवून भागणार नाही. नव्या धर्मातही ती तितक्याच तीव्रतेने जाचते हे दाखवायला हवे, आणि तसा पुरेसा अभ्यास आमच्यापुढे आलेला नाही. याचिका फेटाळली गेली.

नगर आणि जालना भागांत तो अभ्यास करायला आपली महाविद्यालये जवळ आहेत. मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत, दफनभूमी गावाच्या कोणत्या अंगाला दिली ते अजून दिसते, आणि कोणत्या विहिरीवर कधी जाता आले हे सांगणारी माणसे शोधली तर सापडतील.